जबानी व्यवहार आणि लेखी हिशेब : सावनेरच्या कापड बाजारातील दोन पिढ्या

व्यापारी बांधव एकत्र बसले की हल्ली एक तक्रार हमखास ऐकू येते. नागपूरच्या गांधीबागेत ठोक व्यापाऱ्याच्या गादीवर असो, मोमिनपुऱ्यातील चहाच्या टपरीवर असो, की आमच्या सावनेरच्या बाजारात दर्जीच्या मशीनजवळ असो, आमच्या वयाचा कोणीतरी उसासा टाकून म्हणतो की, आजकालच्या पोरांना उसूल राहिले नाहीत. मेहनतीची आवड नाही, जबानीची किंमत नाही, घड्याळ पाहून दुकान उघडतात आणि घड्याळ पाहून बंद करतात. हीच पोरे आपसात बसली की त्यांचीही एक तक्रार असते. ती म्हणतात, वडिलांचा सगळा कारभार डोक्यात, कागदावर काही नाही. कोणाकडून किती येणे, कोणाला किती देणे, नोकराचा पगार किती, दुकानात कोणाचा हिस्सा किती, विचारले तर एकच उत्तर मिळते, "तुला काय करायचे? आम्ही बसलो आहोत ना!"

आम्ही पन्नाशी ओलांडलेले कापडाचे व्यापारी. वालिद साहेबांच्या हाताखाली दुकानात बसायला शिकलो आणि आता चिरंजीव आमच्या शेजारी बसतो. दोन्ही बाजूंचे बोलणे रोज कानावर पडते, म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहोत. आमची शाळा उर्दू माध्यमाची, मराठी आम्ही बाजारात शिकलो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

सावनेर हे नागपूरपासून पस्तीस-छत्तीस किलोमीटरवर, छिंदवाड्याच्या रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. मराठी साहित्य वाचणाऱ्यांना ते राम गणेश गडकऱ्यांमुळे ठाऊक असते, कारण जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी इथेच शेवटचा श्वास घेतला. व्यापाऱ्याला मात्र ते कापूस, संत्री आणि कोळसा यांमुळे ठाऊक. आसपासचा शेतकरी कापूस आणि संत्र्यांवर जगतो, खाणीतला कामगार महिन्याच्या पगारावर. सौसर, पांढुर्णा हा भाग राज्याच्या हद्दीने मध्य प्रदेशात गेला, तरी तिकडचे पुष्कळ लोक मराठीच बोलतात आणि सोयरीक व खरेदी इकडेही करतात. कापडाचे दुकान या गिऱ्हाइकांवर चालते, आणि खरे सांगायचे तर उधारीवर चालते.

शेतकऱ्याची उधारी पोळ्याला सुरू होते. बैलांना झूल, म्हाताऱ्याला धोतर, घरच्या बाईला लुगडे किंवा पातळ, आणि हातात पैसा नाही, कारण कापूस अजून बोंडात आहे. दिवाळीला मुलांचे कपडे, तेही त्याच खात्यावर. मग कापूस विकला गेला, आंबिया बहाराची संत्री उतरली की पैसे येतात. उन्हाळ्यात घरी लग्न निघाले की मोठी खरेदी होते आणि पुन्हा पुढच्या हंगामाचा वायदा. खाण कामगाराचे तसे नाही. त्याच्या पगाराची तारीख ठरलेली असते. तो पहिल्या आठवड्यात आला नाही तर तो येणार नाही असे समजावे. शेतकरी मात्र दोन वर्षांनीही येतो. पाऊस बुडाला तर त्याचे वर्ष बुडते, नियत बुडत नाही, असे वालिद साहेब म्हणत.

त्यांची बही लाल कापडात बांधलेली, आणि लिखाण उर्दूत. सही नाही, अंगठा नाही. नावासमोर गाव आणि एखादी खूण लिहिलेली असे. केळवदचा अमुक, चिंचेजवळचे घर. खाप्याचा विणकर, ज्याचा भाऊ पोस्टात आहे. एवढ्यावर हजारांची उधारी दिली जाई. १९७२ पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी योजना लागू झाली तेव्हा शेतकऱ्याला आपला कापूस सरकारी केंद्रावरच द्यावा लागे आणि चुकारे हप्त्याहप्त्याने मिळत. चुकारे अडकले की सारा बाजार अडके. शेतकरी केंद्रावरची पावती आणून गल्ल्यावर ठेवी आणि म्हणे, "चाचा, हे पाहून घ्या. चुकारा आला का पहिले तुमचे देतो." वालिद साहेब पावती न वाचताच परत करीत आणि कापड फाडून देत. नव्या शतकाच्या सुरुवातीला ती योजना मोडीत निघाली, पण त्या पावत्या आमच्या डोळ्यांसमोर आजही आहेत.

आता या गोष्टी ऐकून नव्या पिढीला वाटते की जुने लोक भोळे होते, आणि जुन्यांना वाटते की ते सगळे फरिश्ते होते. आमच्या मते दोन्ही खरे नाही. जबान चालत होती कारण माणूस ओळखीचा होता. तो कुठे जाणार? त्याची जमीन इथे, विहीर इथे, मुलीची सोयरीक इथल्याच चार गावांत. एका दुकानाचे पैसे बुडवले की आठवडी बाजारात दुसरा दुकानदार त्याला रुमालही उधार देत नसे. म्हणजे नियतीला बाजाराचा पहारा होता. आज तो पहारा राहिलेला नाही. शेतकऱ्याचा मुलगा बुटीबोरीला किंवा पुण्याला नोकरी करतो. छिंदवाड्याची छोटी रेल्वे २०१५ मध्ये बंद होऊन आता मोठी लाईन आली आहे. मोटारसायकलवर बसले की तासाभरात नागपूर, आणि मोबाईलवर बोट ठेवले की घरबसल्या साडी. गिऱ्हाइकाला दुकान बदलायला आता गाव सोडावे लागत नाही. अशा वेळी केवळ चिंचेजवळच्या घराच्या खुणेवर उधारी देणे म्हणजे उसूल पाळणे नव्हे, तर माल वाटणे आहे.

त्यातच १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. जुन्या कापड व्यापाऱ्यांना आठवत असेल की कापडावर विक्रीकराची कटकट अशी कधी नव्हतीच, त्यामुळे लहान दुकानदाराला हिशेबाची सवयही नव्हती. पहिल्यांदाच कापडावर ५ टक्के लागले. त्यावेळी सुरतच्या व्यापाऱ्यांनी बंद पाळला, गांधीबागेतही खूप आरडाओरड झाली. आमच्या बाजारातले एक बुजुर्ग तर म्हणाले की, आता दुकान चालवायला कापडाची पारख नको, फक्त कॉम्प्युटर पाहिजे. ते पुढे काही महिन्यांत दुकान भाड्याने देऊन मोकळे झाले. आमच्या घरी चिरंजीव नुकताच बी.कॉम. होऊन बसला होता. मिहानमध्ये नोकरी पाहतो म्हणत होता. त्याने बिल बनवण्याचे काम हाती घेतले आणि बिलामागोमाग बहीही हाती घेतली.

तगादा आणि पावती

पहिली गोष्ट त्याने ही केली की जुनी सारी खाती मोबाईलमध्ये चढवली. उर्दू त्याला वाचता येत नाही, त्याची शाळा मराठी. तेव्हा आम्ही वाचून सांगितले आणि त्याने भरले. चार रात्री हे काम चालले. मग एक दिवस त्याने ज्यांच्याकडे येणे होते त्या सर्वांना एकदम संदेश पाठवला. अमुक रक्कम बाकी आहे, कृपया जमा करावी.

तिसऱ्या दिवशी धापेवाड्याकडचे एक जुने गिऱ्हाईक दुकानात आले. सत्तरी गाठलेले शेतकरी, वालिद साहेबांच्या वेळेपासूनचे. मोबाईल त्यांचा नव्हताच, नातवाचा होता. नातवाने घरात सर्वांसमोर तो संदेश मोठ्याने वाचून दाखवला होता. ते म्हणाले, "चाळीस वर्षांत तुमच्या बापाने माझ्या दारात माणूस पाठवला नाही, अन् तुम्ही माझ्या घरात तगादा पाठवता? सून ऐकत होती माझी." त्यांनी गल्ल्यावर सर्व रक्कम मोजून ठेवली, पाणी घेतले नाही आणि निघून गेले.

चिरंजीव म्हणाला, "पण पैसे तर आले ना, अब्बा." आम्ही म्हणालो, "पैसे आले, गिऱ्हाईक गेले." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. एका घरात दोन खरे निघाले की जेवण गप्प गप्प होते, हे वाचकांना सांगायला नको.

त्यानंतर त्यानेच जो मार्ग काढला तो आम्हाला इतका पसंत पडला की इतर दुकानदारांनाही सांगावासा वाटतो. आता माल घेतला त्याच क्षणी, गिऱ्हाईक समोर बसलेले असताना, संदेश जातो. आज इतक्याचा माल नेला, मागील बाकी इतकी, एकूण इतकी. वायदा कोणत्या महिन्याचा तेही गिऱ्हाइकालाच विचारून लिहिले जाते, "कापूस विकल्यावर" असे सांगितले तर तसेच. मजकूर जवळपास तोच, पण माल देताना पाठवला की ती पावती होते, आणि तीन महिन्यांनी पाठवला की तो तगादा. पावतीचा कोणाला राग येत नाही. उलट बायका खूश असतात, कारण नवऱ्याने दुकानात किती खाते चढवले ते त्यांना कळते. धापेवाड्याचे ते गृहस्थ पुढच्या वर्षी नातीच्या लग्नाला आले. आम्ही काही बोललो नाही, त्यांनीही काही काढले नाही. जाताना नातवाला म्हणाले, "पाहून घे रे, किती लिहिले ते."

जे बुजुर्ग म्हणतात की लिहून घेणे म्हणजे समोरच्याच्या इमानावर शंका घेणे, त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगणे आम्हाला जरूर वाटते. आपल्या कुरआन शरीफमधील सर्वांत मोठी आयत सूरह बकरात आहे आणि तिचा विषय नमाज नाही, रोजा नाही, तर उधारीचा व्यवहार लिहून ठेवणे हा आहे. मुदतीचा व्यवहार असेल तर लिहावा, साक्षीदार करावेत, रक्कम लहान म्हणून आळस करू नये, असा तिचा आशय आहे. रोखीचा हातोहात सौदा असेल तर न लिहिण्याची सवलतही तिथेच आहे. मापात मारणाऱ्यांवर तर एक संपूर्ण सूरह आहे आणि तिचे नावही तेच आहे. तेव्हा वही-पेन हे अविश्वासाचे लक्षण आहे, हा उसूल आपण कुठून आणला, याचा विचार व्हावा.

कब्रस्तानातील घोषणा

आपल्याकडे जनाजाच्या वेळी मय्यतीचा मुलगा किंवा भाऊ पुढे उभा राहून सांगतो की, मरहूमकडे कोणाचे काही देणे असेल तर त्याने माफ करावे किंवा आम्हाला भेटावे, ते आमच्यावर आहे. प्रत्येक वाचकाने हे ऐकलेले आहे आणि काहींनी स्वतः सांगितलेही आहे. वालिद साहेबांच्या वेळी आम्ही हे शब्द उच्चारले. त्या आठवड्यात तिघे जण घरी आले. दोघांची रक्कम बहीत मिळाली. तिसरा खाप्याकडचा एक विणकर होता. त्याने आपल्या मागाच्या चादरी दिल्या होत्या आणि काही पैसे बाकी होते असे त्याचे म्हणणे. बहीत नाव नव्हते. घरात दोन मते झाली. शेवटी आमच्या अम्मीने विचारले की, तो माणूस खोटे बोलणारा आहे का? कोणी हो म्हणेना. पैसे दिले.

तो व्यवहार मिटला, कारण आम्ही त्या विणकराला ओळखत होतो. आमच्या मागे आमचा मुलगा तिथे उभा राहील तेव्हा तो कोणाला ओळखत असेल? त्याच्याकडे तर लाल कापडातली बही वाचायला उर्दूही नाही. देणे फेडण्याची जबाबदारी बापाने मुलावर टाकायची आणि देणे किती ते मात्र छातीत घेऊन जायचे, याला आम्ही जबान म्हणणार नाही. कोर्टाचे म्हणाल तर १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे साध्या उधारीचा दावा साधारणपणे ३ वर्षांत करावा लागतो. त्यानंतर कोर्ट ऐकत नाही. कब्रस्तानात मात्र ३ वर्षांची मुदत चालत नाही. तिथे सारे देणे जिवंत असते, म्हणून आम्हाला लिखाणाची गरज इतरांपेक्षा जास्तच आहे.

घड्याळाची तक्रार

आता दुसऱ्या तक्रारीकडे येऊ. पोरे घड्याळ पाहून काम करतात ही ती तक्रार. ती आजची नाही. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. यंत्रे आली, पण मजूर नियमित येईनात. घरात चार दिवसांचे धान्य असले की माणूस गिरणीकडे फिरकत नसे. दंड लावून माणसे टिकत नाहीत हे पाहून मालकांनी बक्षिसे लावली, १८८६ मध्ये पेन्शन फंड आणि १९०१ मध्ये प्रॉव्हिडंट फंड सुरू केला. तेव्हा कुठे कामगाराला गिरणी आपली वाटू लागली आणि बाप-मुलगा-नातू एकाच खात्यात लागू लागले. १९८६ मध्ये ती गिरणी सरकारी महामंडळाकडे गेली आणि पुढे बंदच पडली. पण सांगायचे ते एवढेच की, आज ज्यांच्या निष्ठेचे गोडवे आपण गातो त्या कामगारांच्या आजोबांनाही कोणीतरी आळशी म्हटले होते.

गज आणि मीटरचेही तसेच. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी बाजारात मीटर आला तेव्हा जुन्या दुकानदारांनी कपाळाला हात लावला. गज ३६ इंचांचा, मीटर ३९ इंचांहून थोडा जास्त. आमचे दादाजान मीटरला कधी मीटर म्हणाले नाहीत, "सरकारी गज" म्हणत. पण मापले बरोबर.

घड्याळाचा खरा झगडा दिसतो तो दर्जीच्या कामात. आमच्या दुकानासमोर एक उस्ताद आहेत, हयात सुई-धाग्यात गेली. ते सांगतात की शागिर्द असताना पहिली दोन वर्षे फक्त काज-बटण आणि तुरपाई, तीही मध्ये उस्तादच्या घरची भाजी आणून. कात्रीला हात लावला तर गजाने मार. पगार म्हणजे ईदला एक जोडा. ते हे अभिमानाने सांगतात आणि पुढे म्हणतात की, आता पोरे मोबाईलवर कटिंग पाहतात आणि महिन्याभरात नगावर पैसे मागतात. केंद्र सरकारच्या विश्वकर्मा योजनेवर तर ते दिवसभर बोलू शकतात. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या या योजनेत १८ धंदे आहेत, त्यांत दर्जी आहे. प्रशिक्षणाच्या दिवसाला ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० पर्यंतची मदत. उस्ताद म्हणतात, "आम्ही मार खाऊन शिकलो, यांना शिकायचे पैसे मिळतात. कसला उस्ताद आणि कसला शागिर्द!" (याच योजनेत आधी १ लाख आणि नंतर २ लाखांचे कर्ज ५ टक्के व्याजाने आहे. व्याजाचा प्रश्न ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावा, पण प्रशिक्षण आणि अवजारे घ्यायला काय हरकत आहे ते आम्हाला कळलेले नाही.)

उस्तादांचे हात सोन्याचे आहेत यात शंका नाही. त्यांनी शिवलेल्या शेरवानीचा खांदा दुसऱ्या कोणाला जमत नाही. पण फुकट राबवून घेणे हा तालीमचा भाग होता असे म्हणणे आम्हाला पटत नाही. ज्या पोराच्या घरी दोन वर्षे बिनपगारी राहण्याइतके धान्य नव्हते, तो कारागीर होऊच शकला नाही, आणि असे किती गेले त्यांची गिनती कोणी ठेवली नाही. शिवाय दर्जी लोकांची "उद्या या" ही म्हण आजच्या पोरांनी तयार केलेली नाही. रमजानमध्ये उस्ताद सर्वांचे कापड घेत, कोणाला नाही म्हणणे त्यांना गैर वाटे. मग चांदरातीला दुकानासमोर गर्दी, रडणारी मुले, आणि निम्म्यांना ईदच्या सकाळी सहाला बोलावलेले. त्यांचा मुलगा आता विसाव्या रोजानंतर कापड घेत नाही. पाटी लावतो. घेतलेल्या प्रत्येक कापडाला नंबरची चिठ्ठी आणि तारीख. पहिल्या वर्षी लोकांनी शिव्या दिल्या की बापाची माणुसकी मुलात नाही. दुसऱ्या वर्षी त्याच लोकांनी दहाव्या रोजालाच कापड आणून दिले. ज्याला वेळेवर देता येणार नाही त्याला आधीच नाही म्हणणे, ही जबानच आहे. उस्ताद अजून हे मानत नाहीत. पण चिठ्ठ्या तेच फाडून देतात.

नव्या मुलांचे सर्वच चांगले आहे असे मात्र कोणी समजू नये. मोबाईलवरून माल मागवायचा, तीन मापांचे तीन शर्ट मागवायचे, एक ठेवायचा आणि दोन परत करायचे, ही सवय त्यांना लागली आहे आणि तीच सवय ते धंद्यात आणतात. आमच्याच ओळखीच्या एका तरुण दुकानदाराने विणकराला पन्नास चादरींची ऑर्डर दिली आणि माल तयार झाल्यावर फोन करून रद्द केली. त्याच्या मते ऑर्डर रद्द करणे म्हणजे बटण दाबणे. विणकराचे सूत गुंतले, मजुरी गेली. लिहिलेले काहीच नव्हते. जुन्या माणसाने तोंडातून हो म्हटले असते तर घरातली भांडी विकून माल उचलला असता.

विणकराचे ४५ दिवस

नागपूर, कामठी, बुऱ्हाणपूर, मालेगाव, भिवंडी येथील आपल्या मोमिन विणकरांचे पूर्वज १८५७ च्या धामधुमीनंतर आणि पुढेही उत्तरेकडून, मऊ, आझमगड, अलाहाबाद भागातून माग सोडून आले आणि इथे पुन्हा माग उभारले, हा इतिहास घरोघरी सांगितला जातो. त्या मागाचे दुखणे मात्र आजवर एकच राहिले. माल आधी द्यायचा, पैसे व्यापारी देईल तेव्हा. साठ दिवस, नव्वद दिवस, कधी पुढचा माल दिल्यावर मागचे पैसे.

या बाबतीत कायदा काय म्हणतो ते आपल्या कारागिरांना माहीत असायला हवे. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि लेखी करार असेल तर त्यात ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. १ एप्रिल २०२३ नंतरच्या आर्थिक वर्षापासून आयकराचाही जोर त्याला मिळाला. मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी धरला जात नाही, प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्यावर कर भरावा लागतो. २०२४ च्या सुरुवातीस यावरून सर्व कापड बाजारांत खळबळ माजली. अनेक व्यापाऱ्यांनी नोंदणीवाल्या उत्पादकाकडून माल घेणेच टाळले, हेही सांगितले पाहिजे. आम्ही स्वतः व्यापारी, हे संरक्षण आमच्यासारख्या केवळ खरेदी-विक्री करणाऱ्याला नाही, ते माल बनवणाऱ्याला आहे. पण गंमत पाहा, कायद्यानेसुद्धा न लिहिणाऱ्याला १५ दिवस आणि लिहिणाऱ्याला ४५ दिवस दिले. म्हणजे लिहिण्यात व्यापाऱ्याचेच तीस दिवस वाढतात. आमच्या पिढीतल्या किती जणांनी विणकराशी एक साधा कागद केला आहे?

घरातला हिशेब

एवढे सर्व बाजाराचे झाले. खरी आग घरात आहे आणि तिच्याविषयी आपल्याकडे कोणी बोलत नाही.

बाप दुकान चालवतो. थोरला मुलगा शाळा सोडून दुकानात बसतो, पंधरा-वीस वर्षे राबतो. पगार नाही, हिस्सा लिहिलेला नाही. खर्चाला लागेल ते गल्ल्यातून घेतो. धाकटा शिकून बाहेर नोकरीला लागतो. मुली सासरी जातात. बापाचा इंतेकाल होतो. दुकान बापाच्या नावाने, म्हणून शरीयतप्रमाणे सर्व वारसांचे. आता थोरला म्हणतो, हे दुकान मी वाढवले, माझी उमर यात गेली. धाकटा म्हणतो, तू नोकर होतास की भागीदार, दाखव कुठे लिहिले आहे. दोघेही आपापल्या जागी बरोबर. मग दोघांत एक गोष्ट मात्र पटकन ठरते, ती ही की बहिणींना सध्या काही सांगू नये. बहीण हक्क मागत नाही, माहेर तुटेल म्हणून गप्प राहते, आणि आपण म्हणतो की तिने खुशीने सोडला. सावनेरपासून नागपूरपर्यंत एकाच दुकानाची दोन शटर झालेली, मधे विटांची भिंत घातलेली आम्ही किती पाहिली आहेत. प्रत्येक भिंतीमागे बापाचे तेच वाक्य असते, "आमच्यात लिहायची काय गरज?"

आमच्या चिरंजीवाने एका रात्री हाच प्रश्न विचारला. आवाज न चढवता, जेवण झाल्यावर. "अब्बा, मी दुकानात कोण आहे?" त्याच्या मामूंना हे बेअदबीचे वाटले. आम्हाला वाटले नाही, कारण हा प्रश्न आम्ही वालिद साहेबांना कधी विचारू शकलो नव्हतो.

आम्ही नागपूरच्या वकिलाकडून भागीदारीपत्र करून घेतले. १९३२ च्या भागीदारी कायद्यात फर्मची नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसलेल्या फर्मला येणे वसूल करण्यासाठी कोर्टात दावा लावता येत नाही, म्हणून नोंदणीही केली. चिरंजीवाचा हिस्सा त्यात लिहिला. मागच्या वर्षांचा त्याचा मेहनताना किती धरायचा यावर दोन महिने बोलणे चालले आणि शेवटी त्याने मागितला त्यापेक्षा थोडा कमी, आम्ही म्हणत होतो त्यापेक्षा बराच जास्त ठरला. मुलीने लग्नाआधी तीन वर्षे जीएसटीचे सारे कागद सांभाळले होते. तिचा मेहनतानाही त्याच कागदात आला, ही सूचना चिरंजीवाची होती. आमच्या हिश्श्याचे आमच्या मागे काय होईल ते शरीयतने ठरवून ठेवलेच आहे, पण आमचा हिस्सा नेमका किती, हे आता चौघांना माहीत आहे. तिच्या सासरच्यांनी तो कागद वाचून पाहिला आणि चहा जरा जास्त गोड केला, असे तिने फोनवर सांगितले.

रविवारचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. चिरंजीवाला आठवड्यात एक पूर्ण दिवस सुट्टी पाहिजे, घरच्यांसाठी. आम्ही जुम्माच्या दुपारी दोन तास दुकान बंद ठेवतो, तेवढी सुट्टी आम्हाला आयुष्यभर पुरली. तो म्हणतो, दुकानातल्या मुलाला आपण आठवड्याची सुट्टी देतो, मग मालकाला का नाही. यावर आमच्याकडे अजून उत्तर तयार नाही. तूर्त लग्नसराई आहे, दुकान सातही दिवस उघडे आहे, आणि त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लग्नाची शेवटची तारीख लाल शाईने लिहून ठेवली आहे.